मुंबई-पुण्याच्या फुटबॉल-संघांचा अस्त

राज्यें बुडतात तेव्हां बखरी लिहिल्या जातात. क्रीडासंघ बुडाले तर वर्तमानपत्रांतील चार ओळींपलीकडे त्यांची नोंद उरत नाहीं. म्हणून मुंबई-पुण्याच्या फुटबॉल-संघांचा वृत्तांत येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ सालीं सुरू झाली. महिंद्र कंपनीच्या १९६२ सालच्या जुन्या संघानें २००५-०६ च्या हंगामांत तिचें अजिंक्यपद मिळविलें. मुंबईस तो मान तेव्हां प्रथमच लाभला. पुढें २००७ सालीं ह्या लीगचें नांव 'आय-लीग' झालें, आणि २०१० सालीं महिंद्रांचा संघ मालकांनींच बंद केला. त्याच वर्षीं अखिल भारतीय फुटबॉल महासंघानें आपले व्यापारी हक्क १५ वर्षांकरितां ७०० कोटी रुपयांस दिले. त्या करारांतून २०१४ सालीं 'इंडियन सुपर लीग' निघाली. जुन्या लीगमध्यें तळाशीं येणारास खालच्या वर्गांत उतरावें लागे. नवीमध्यें स्थान पैसा भरून मिळे, पराभवानें तें जात नसे.

मग पडझड सुरू झाली. २०१२-१३ चा उपविजेता पुणे एफ. सी. २०१५ सालीं थांबला व त्याची प्रशिक्षणशाळा नव्या लीगच्या पुणे सिटी संघाकडे गेली. पुण्याचाच भारत एफ. सी. एका हंगामांत आटोपला. २०१७ सालीं मुंबई एफ. सी. तळाशीं जाऊन बंद पडला. शिवाजीयन्सनींही त्याच वर्षीं अंग काढून घेतलें. अखेर २०१९ सालीं पुणे सिटीही मोडला व त्याची जागा हैदराबादेस गेली.

सारा दोष नव्या लीगच्या माथीं मारणें न्याय्य नव्हे. महिंद्रांचा संघ तिच्या आधींच गेला होता. मर्म निराळें आहे. ह्या संघांस मालक होते, सभासद नव्हते. हार्बरच्या गाडीनें चेंबूरहून कूपरेजला जाणारा प्रेक्षक संघावर जीव लावी, पण संघ ठेवावा कीं मोडावा ह्या प्रश्नांत त्यास मत नव्हतें. उलट, कलकत्त्याचा १८८९ सालचा मोहन बागान २०२० सालीं ए. टी. के. ह्या संघाशीं जोडला गेला, तेव्हां समर्थकांनीं एवढा गिल्ला केला कीं २०२३ सालीं तीं परकीं अक्षरें नांवांतून गळालीं. इंग्लंडांत रग्बी लीगच्या पुनर्रचनेंत, १९९५ सालीं, कॅसलफर्ड, फेदरस्टन व वेकफील्ड ह्यांचा एकच संघ करण्याचा बेतही लोकांच्या विरोधामुळें बारगळला.

वाचनालयें व व्यायामशाळा वर्गणीवर उभ्या करणाऱ्या आमच्या समाजास फुटबॉल-संघही तसाच उभा करतां येईल. तो कदाचित् अजिंक्यपद मिळविणार नाहीं. परंतु एका मालकाच्या निर्णयानें तो नाहींसा होणार नाहीं, एवढें खास.