वैद्यकीय पुराव्याचा शोध : विंचूदंशाच्या उदाहरणावरून

पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या मोफत डेटाबेसवर ‘विंचूदंश’ आणि ‘प्रतिविष’ या अर्थाचे दोनच इंग्रजी शब्द टाकून शोध घेतला, तर एकमेकांना छेद देणारे अहवाल समोर येतात, आणि ते नामांकित नियतकालिकांतले असतात. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ट्युनिशियातली चाचणी आली. रुग्ण ८२५, सरसकट प्रतिविष देऊन फायदा दिसला नाही. २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अ‍ॅरिझोनातली चाचणी आली. मुले फक्त १५, पण सगळी अत्यवस्थ. प्रतिविष मिळालेली आठही मुले चार तासांत सावरली, दुसऱ्या गटातल्या सातांपैकी एकच सावरले. २०११ साली ‘बीएमजे’मध्ये महाडच्या डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांची चाचणी आली. प्राझोसिन या औषधाच्या जोडीला प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२ जणांची लक्षणे दहा तासांत पूर्ण ओसरली. नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी आठ जणांची.

या तिन्हींत कोणी चुकलेले नाही. अ‍ॅरिझोनातल्या विंचवाचे विष मुख्यतः नसांवर परिणाम करते : हातपाय झटके देतात, डोळे भिरभिरतात, श्वास अडतो. कोकणातल्या लाल विंचवाचे विष शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सोडते. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो, फुप्फुसांत पाणी होते. ट्युनिशियात विंचू तिसरेच, शिवाय दंश सौम्य आहे की गंभीर हे न पाहता प्रतिविष दिलेले. ज्यांना औषधाची गरजच नव्हती अशा अनेकांना ते दिले, तर सरासरीत फायदा दिसणार कुठून? ‘विंचूदंशावर प्रतिविष उपयोगी आहे का’ हा प्रश्नच म्हणून अपुरा आहे. माझे ठाम मत असे, की मोफत डेटाबेसांवरच्या बहुतेक फसलेल्या शोधांचे मूळ या अपुऱ्या प्रश्नात असते. संगणकाला दोष देण्यात अर्थ नाही.

म्हणून शोधाआधी प्रश्नाचे चार भाग कागदावर मांडावेत : रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी, आणि कोणता परिणाम मोजायचा. वैद्यकीय महाविद्यालयांत हे सूत्र ‘पिको’ नावाने शिकवतात आणि पुष्कळदा परीक्षेपुरतेच राहते. इथे ते असे उतरते : लाल विंचू चावलेला, घाम फुटलेला, हातपाय गार पडलेला, पण फुप्फुसांत अजून पाणी न झालेला रुग्ण, प्राझोसिन अधिक प्रतिविष, तुलना नुसत्या प्राझोसिनशी, परिणाम म्हणजे लक्षणे ओसरायला लागणारा वेळ. असा प्रश्न घेऊन गेले की ट्युनिशियाचा निबंध आपोआप बाजूला पडतो आणि महाडचा वर येतो.

दुसरी पायरी शब्दांची. पबमेड अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचे. जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ साली ‘इंडेक्स मेडिकस’ ही छापील सूची सुरू केली, तिचा हा वारसा. १९९७ पासून तो जगात कोणालाही विनामूल्य खुला आहे. तालुक्याच्या गावी बसलेल्या डॉक्टरला जगभरच्या वैद्यकीय वाङ्मयाचे दार पैशांवाचून उघडावे, याचे मोल मला फार मोठे वाटते. या सूचीत निबंधांना ठरावीक विषयनामे लावतात. त्या संचाला ‘मेश’ म्हणतात. तो १९६० पासून वापरात आहे. लेखक ‘अँटिव्हेनम’ लिहितो, विषयनाम मात्र ‘अँटिव्हेनिन्स’ असते. लाल विंचवाचे शास्त्रीय नावच बदलत गेले : ब्युथस टॅम्युलस, मग मेसोब्युथस टॅम्युलस, आता हॉटेंटोटा टॅम्युलस. एकाच नावाने शोधणाऱ्याच्या हाती एकाच काळातले काम लागते. अशी सगळी नावे ‘ऑर’ने जोडायची, आणि वेगवेगळे घटक, म्हणजे विंचू आणि औषध, ‘अँड’ने. ‘नॉट’ शक्यतो वापरूच नये. ‘मुले नकोत’ असे सांगितले, की मुले आणि प्रौढ दोघांवरचा निबंधही गळतो.

नुसत्या विषयनामांवरही विसंबता येत नाही. अगदी नव्या नोंदींना ती लागलेली नसतात, आणि पबमेडमधल्या कित्येक नोंदींना कधीच लागत नाहीत, कारण त्या मेडलाइन या मूळ सूचीत नसतात. तेव्हा विषयनाम आणि शीर्षक-सारांशातले साधे शब्द, दोन्ही घ्यावेत. कोणते शब्द कसे जोडले तेही टिपून ठेवावे. सहा महिन्यांनी तोच शोध पुन्हा करायचा तर ते टिपण लागते. गूगल स्कॉलर चटकन काहीतरी हाती देते, पण तिथे विषयनामांची शिस्त नाही.

तिसरी गोष्ट गाळण्यांची, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे. पबमेडच्या ‘क्लिनिकल क्वेरीज’मध्ये उपचारांसाठी दोन गाळण्या आहेत, रुंद आणि अरुंद. अरुंद गाळणी जवळपास फक्त रँडमाइज्ड चाचण्या दाखवते. घाईत ती उत्तम. पण प्राझोसिनचा विंचूदंशातला उपयोग बावस्करांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’ला लिहिलेल्या पत्रातून जगापुढे आला. पत्राला सारांश नसतो, त्यावर रँडमाइज्ड चाचणीची मोहोरही नसते. अरुंद गाळणीतून ते पत्र निसटते. ‘फक्त सारांश असलेले दाखवा’ म्हटले तरी निसटते. ज्या उपचाराने कोकणातल्या डॉक्टरांच्या हाती पहिले खरे साधन दिले, त्याची पहिली नोंदच शोधणाऱ्याला दिसत नाही. श्रीमंत देशांत फारशा न दिसणाऱ्या आजारांचा पुरावा पुष्कळदा असाच पत्रांत आणि रुग्णमालिकांत विखुरलेला असतो. अशा आजारांसाठी आधी रुंद गाळणीच लावावी.

चौथी गोष्ट वाचनाची. कॉक्रेन या संस्थेचे पद्धतशीर आढावे प्रसिद्ध होतात, त्यांचे सारांश मोफत असतात. आधी तिथे पाहणे शहाणपणाचे, कारण विखुरलेल्या चाचण्या एकत्र तोलण्याचे काम कोणीतरी आधीच केलेले असते. मात्र आढाव्यात कोणत्या विंचवांच्या चाचण्या एकत्र घातल्या आहेत, हे पाहिल्याशिवाय त्यातली सरासरी उचलू नये. पैसे मागणारा निबंध पबमेड सेंट्रल किंवा युरोप पीएमसी या मोफत संग्रहांत पूर्ण मिळतो का, तेही पाहावे. ‘बीएमजे’चे संशोधन निबंध खुलेच असतात, त्यामुळे महाडची चाचणी सारांशापलीकडे वाचायला कसलीच अडचण नाही. ती वाचली की दोन मर्यादा लक्षात येतात. कोणाला कोणते औषध दिले, हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही ठाऊक होते. आणि हृदय, फुप्फुस किंवा मेंदूवर परिणाम झालेले रुग्ण तिच्यात घेतलेच नव्हते.

छापून न आलेल्या चाचण्यांचाही माग काढावा लागतो. फायदा न दिसलेली चाचणी पुष्कळदा संशोधकाच्या कपाटातच राहते आणि छापील पुरावा आहे त्याहून उजळ दिसू लागतो. भारताची क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री २००७ साली सुरू झाली. १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची तिथे आगाऊ नोंद सक्तीची आहे. अमेरिकेची अशी नोंदवही २००० पासून खुली आहे. दोन्हींत विंचूदंश शोधावा, नोंदलेल्या चाचण्यांचे निकाल कुठे आले का ते पाहावे, आणि न आलेल्यांची वेगळी यादी करावी.

एवढे झाल्यावर समोरचा रुग्ण जर श्वास लागलेला, फेसाळ थुंकी टाकणारा असेल, तर महाडच्या चाचणीतला ३५ पैकी ३२ हा आकडा त्याला लावता येत नाही. तो त्या चाचणीत नव्हताच. त्याच्यासाठी प्रश्न पुन्हा मांडायचा, फुप्फुसांत पाणी होण्याचे विषयनाम जोडायचे, चाचणीची गाळणी काढून रुग्णमालिका वाचायच्या, आणि या रुग्णासाठीचा पुरावा खालच्या दर्जाचा आहे हे नातेवाइकांना सांगून केसपेपरवर तसे लिहायचे.