घरकुलाची वाळू कुठे अडते? खेड-चाकण पट्ट्यात घर बांधणाऱ्यांसाठी माहिती

चाकण : घरकुल मंजूर झालं, पाया खोदून झाला, गवंडीही ठरला, पण वाळू मिळेना. अशा वेळी नुसतं काम थांबत नाही, पैसेही थांबतात. प्रधानमंत्री आवास योजनेचे (ग्रामीण) हप्ते कामाच्या टप्प्यानुसार येतात. माल नाही तर टप्पा नाही आणि टप्पा नाही तर हप्ता नाही.

टंचाई का होते?
फेब्रुवारी 2012 मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर लहान वाळूघाटांनाही पर्यावरण मंजुरी लागते. त्यात दरवर्षी 10 जून ते 30 सप्टेंबर नदीतून वाळू काढायला बंदी असते. चाकण-मोशी भागात दगडखाणी आणि क्रशर आहेत, पण तीच खडी आणि क्रश सँड पिंपरी-चिंचवडच्या इमारतींना, एमआयडीसीच्या शेडना आणि रस्त्यांनाही लागते. मोठ्या कामांना रोज डंपर जातात. एक-दोन ब्रासवाल्याचा नंबर मागे पडतो.

पाच ब्रास मोफत वाळू
राज्याच्या 2025 च्या वाळू धोरणानुसार घरकुल लाभार्थ्याला 5 ब्रासपर्यंत वाळू मोफत आहे. वाळूगटातील 10 टक्के वाळू त्यासाठी राखीव आहे. वाहतुकीचा खर्च मात्र स्वतःचा. खेड तालुक्यातील लाभार्थ्यांनी मंजुरीपत्र घेऊन राजगुरुनगरच्या तहसील कार्यालयात चौकशी करावी, तीही पाया खोदण्याआधी. चाकण नगरपरिषद हद्दीत ग्रामीण योजना लागू नाही. तिथे शहरी योजना चालते.

वाळू घेताना वाहतूक पास मागून घ्यावा आणि जपून ठेवावा. बेकायदा वाळूवर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

क्रश सँड चालते का?
चालते. चांगली एम-सँड काँक्रीटला वापरता येते. मे 2025 मध्ये सरकारने तिची रॉयल्टी ब्रासला 600 रुपयांवरून 200 रुपयांवर आणण्याचा निर्णय घेतला. मात्र क्रशरची नुसती डस्ट एम-सँड म्हणून गळ्यात मारली तर ती स्लॅबला वापरू नये.

माल घेताना चार गोष्टी
1. माप : ट्रॉलीची लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजून गुणाकार करा, 100 ने भागा. 10 × 5 × 2 फूट म्हणजे एक ब्रास. ओली वाळू फुगते, त्यामुळे मापात जास्त दिसते.
2. माती : काचेच्या बाटलीत निम्मी वाळू आणि पाणी घालून हलवा, तीन तास ठेवा. वर गाळाचा जाड थर बसला तर वाळू धुवून घ्या किंवा परत करा.
3. सिमेंट : पावसाळ्यात साठा करू नका. तीन महिन्यांत सिमेंटची ताकद साधारण 20 टक्के कमी होते. गोण्या फळ्यांवर, भिंतीपासून लांब ठेवा.
4. बिल : 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आहे. बिलावर तोच दर आहे ना, ते पाहा.

वेळेचं गणित
पावसाळ्यात वीटभट्ट्याही बंद असतात. म्हणून वाळू आणि विटा मे अखेरपर्यंत जागेवर आणून ठेवाव्यात. ते जमत नसेल तर पायाचं काम दिवाळीच्या आसपास काढणं बरं. अर्धवट भिंत पावसात उभी ठेवण्यापेक्षा ते परवडतं.