वापरकर्ता निघून गेल्यानंतरचे काम : संगणकीय रांगेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
संकेतस्थळावर अर्ज भरला, बटण दाबले आणि उत्तर येण्यापूर्वीच जोडणी तुटली, तर सुरू झालेल्या कामाचे काय होते, हा प्रश्न वरवर केवळ तांत्रिक वाटतो. परंतु शुल्क वळते झाले की नाही, अर्ज नोंदला गेला की नाही, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. वापरकर्त्याच्या अनुपस्थितीत कामाची जबाबदारी कोणाकडे राहते, या दृष्टीने संगणकाच्या इतिहासाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अनुपस्थिती ते उपस्थिती :
१९५० च्या दशकातील बॅच पद्धतीत वापरकर्ता छिद्रित कार्डांचा गठ्ठा संगणक केंद्रात देऊन निघून जाई व छापील निष्कर्ष नंतर घेऊन जाई. त्याची अनुपस्थिती गृहीतच धरलेली होती. १९६१ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फर्नांडो कॉर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस या कालविभागणी प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखविले. वापरकर्ता आता टर्मिनलसमोर बसून संगणकाशी थेट संवाद साधू लागला. मात्र त्याबरोबर कामाचे आयुष्य जोडणीशी बांधले गेले. युनिक्समध्ये दूरध्वनी-जोडणी तुटल्यास 'हँगअप' हा संकेत जाई व चालू प्रक्रिया सामान्यतः बंद पडत. त्यावर उपाय म्हणून १९७३ च्या चौथ्या आवृत्तीत 'नोहप' ही आज्ञा आली. तथापि, ती आधीच देण्याची दक्षता वापरकर्त्यालाच घ्यावी लागे.

वेबचे आगमन :
मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात २०२ या सांकेतिक क्रमांकाची तरतूद आहे. विनंती स्वीकारली आहे, काम अद्याप पूर्ण झालेले नाही, असा त्याचा अर्थ होतो. कामाची सद्यःस्थिती कोठे पाहता येईल किंवा ते केव्हा पूर्ण होण्याची अपेक्षा आहे, हेही सर्व्हरने कळवावे, असे तेथे सुचविले आहे. विशेष म्हणजे, हे स्पष्ट करताना दिवसातून एकदाच चालणाऱ्या बॅच कामाचे उदाहरण दिलेले आहे.

प्रत्यक्ष व्यवहारात मात्र एकाच विनंतीत सर्व काम उरकण्याची प्रथा रूढ झाली. पीएचपी भाषेत वापरकर्ता निघून गेल्याचे सर्व्हरला उत्तर पाठविण्याचा प्रयत्न करतानाच कळते व मूळ व्यवस्थेनुसार तेथेच प्रक्रिया थांबते. परिणामी काम अर्धवट राहण्याचा धोका संभवतो. 'इग्नोर यूजर अबॉर्ट' ही सोय वापरल्यास काम पुढे चालते. परंतु सर्व्हरच बंद पडला, तर त्याची कोणतीही नोंद मागे उरत नाही.

रांगेचा स्वीकार :
या मर्यादांतून स्वतंत्र रांगेची पद्धत पुढे आली. गिअरमन (२००५), अॅमेझॉनची एसक्यूएस सेवा (२००६), रॅबिटएमक्यू (२००७) व रेस्क (२००९) हे तिचे महत्त्वाचे टप्पे होत. येथे विनंती प्रथम नोंदविली जाते, वापरकर्त्यास क्रमांक देता येतो आणि प्रत्यक्ष काम दुसरी प्रक्रिया सवडीने करते. एसक्यूएसमध्ये उचललेला संदेश लगेच नष्ट होत नाही; तो ठरावीक काळ अदृश्य राहतो आणि काम पूर्ण करून तो काढून टाकला नाही, तर पुन्हा रांगेत दिसू लागतो. त्यामुळे काम हरवण्याची भीती कमी होते; परंतु तेच काम दोनदा होण्याची शक्यता निर्माण होते. शुल्कवसुलीसारख्या व्यवहारात हा दोष गंभीर ठरतो. म्हणून प्रत्येक विनंतीस स्वतंत्र ओळख देऊन, ती आधी पूर्ण झाली आहे काय, हे तपासणे अनिवार्य ठरते.

निष्कर्ष :
रांगेची पद्धत ही सर्वस्वी नवी कल्पना नसून बॅच युगातील 'स्वीकार' व 'पूर्तता' यांमधील भेदाचे पुनरुज्जीवन आहे. फरक जबाबदारीच्या स्थानात आहे. 'नोहप'च्या काळी ती वापरकर्त्याच्या दक्षतेवर होती. रांगेच्या पद्धतीत ती विनंती स्वीकारणाऱ्या यंत्रणेकडे येते. मात्र पोचपावती, स्थितीची माहिती व पुनरावृत्तीपासून संरक्षण या तिन्ही गोष्टी असतील, तरच ही जबाबदारी पूर्णपणे पार पडली असे म्हणता येईल. कोणत्याही संस्थेने आपली ऑनलाइन सेवा याच निकषावर तपासून पाहणे उचित ठरेल.