पदवीनंतर फिल्म इन्स्टिट्यूट: प्रवेश कसा, दाखले कोणते आणि पैशाची जुळणी कशी करायची

लग्नाचं शूटिंग करणारी, मोबाईलवर एडिटिंग शिकलेली, यात्रेत आणि गॅदरिंगला नाटकं बसवणारी पोरं-पोरी आता प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यातल्या काहींना हेच काम नीट शिकायचं असतं. घरात विषय काढला की दोन प्रश्न येतात. हे शिकून पोट भरेल का, आणि खर्च किती? पहिल्याची खात्री मुंबईतलेही देत नाहीत. दुसऱ्याचा हिशेब मात्र फॉर्म भरण्याआधी मांडता येतो, आणि तो तेव्हाच मांडायला हवा. प्रवेशाचं पत्र हातात आल्यावर घरात जी पळापळ होते, तिच्यात जमिनीचे सौदे होतात.

सरकारी संस्था

केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या दोन मोठ्या संस्था आहेत. एक आपल्या पुण्यातली एफटीआयआय, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया. ती १९६० साली लॉ कॉलेज रस्त्यावर, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झाली. दुसरी कोलकात्याची सत्यजित राय फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट, १९९५ ची. दोन्ही संस्थांना २०२५ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्यामुळे कोर्सचं नाव, कालावधी आणि शेवटी मिळणारी पदवी की पदविका, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच बघायचं. चार वर्षांपूर्वीच्या यूट्यूब व्हिडिओवर विसंबू नये.

फिल्म विभागात दिग्दर्शन व पटकथा, सिनेमॅटोग्राफी, संकलन, ध्वनी असे तीन वर्षांचे कोर्स आहेत. पुण्यात कला दिग्दर्शनही आहे, पण त्याला उपयोजित कला, चित्रकला, वास्तुकला अशा विषयांची पदवी लागते. बाकीच्यांना कुठल्याही शाखेची पदवी चालते. बीए असो, बीएस्सी अ‍ॅग्री असो. पुण्याच्या ध्वनीच्या कोर्सला मात्र बारावीला भौतिकशास्त्र असण्याची अट आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेल्यांनाही अर्ज करता येतो.

ध्वनीकडे गावाकडच्या मुलांचं फारसं लक्ष जात नाही, सगळ्यांना दिग्दर्शकच व्हायचं असतं. रसूल पूकुट्टी केरळच्या एका खेड्यातले, शिक्षण भौतिकशास्त्राची बीएस्सी. पुण्याच्या याच संस्थेत ध्वनी शिकले आणि २००९ साली ‘स्लमडॉग मिलियनेअर’साठी त्यांना ऑस्कर मिळालं. ऑस्करचं सोडा. साउंड आणि एडिटिंग शिकलेल्याला मालिका, जाहिराती, वेबसिरीज यांत रोजचं काम मिळण्याची शक्यता दिग्दर्शन शिकलेल्यापेक्षा जास्त असते. कर्ज काढून शिकणाऱ्यानं विषय निवडताना हे धरावं.

टीव्ही विभागातल्या छोट्या कोर्सलाही कमी लेखू नये. चिदानंद नाईक हा म्हैसूरचा डॉक्टर पुण्यात टीव्ही विभागाच्या एक वर्षाच्या कोर्सला आला. वर्षअखेरीला केलेल्या त्याच्या लघुपटाला २०२४ मध्ये कान महोत्सवात विद्यार्थ्यांच्या गटातलं पहिलं बक्षीस मिळालं. एका वर्षाचा कोर्स म्हणजे खर्च एका वर्षाचा आणि घरचा कमावता हातही एकच वर्ष बाहेर.

परीक्षा

२०१८ पासून दोन्ही संस्थांसाठी ‘जेट’ ही सामाईक परीक्षा सुरू झाली, नंतर तिच्या पद्धतीत बदल होत गेले. गाभा तोच आहे. आधी लेखी, मग निवडलेल्यांना पुढच्या फेरीला बोलावतात आणि मुलाखत घेतात. एका विषयाला जागा साधारण दहा-बारा आणि अर्ज देशभरातून, त्यामुळे पहिल्या वर्षी नंबर लागला नाही तर ते अपयश धरू नये. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात लागलेले बरेच असतात.

प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नसते. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका एफटीआयआयच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्या सोडवल्या की कळतं की सिनेमासोबत साहित्य, चित्रकला, संगीत, नाटक आणि चालू घडामोडीही येतात. क्लासवाले याच गोष्टी हजारो रुपये घेऊन शिकवतात. लिहिण्याच्या प्रश्नात आणि मुलाखतीत गावाचा अनुभव कामाला येतो. बाजार समितीतला लिलाव, ऊसतोडीला निघालेली बैलगाडी, बोअर मारताना बांधावर उभं राहिलेलं घर, हे ज्यानं जवळून पाहिलंय त्याच्याकडे सांगायला काहीतरी असतं. फक्त ते हिंदीत किंवा साध्या इंग्रजीत सांगायची सवय करायला हवी.

रंगांधळेपणामुळे मागे राहिलेल्यांसाठी एक माहिती. पूर्वी काही कोर्सना असे विद्यार्थी घेत नसत. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२ मध्ये निकाल दिला की रंगांधळ्या उमेदवारांना कुठल्याही कोर्सपासून लांब ठेवता येणार नाही.

दाखले: घोळ इथंच होतो

संस्था केंद्राची आहे, म्हणून आरक्षणही केंद्राच्या नियमानं. अनुसूचित जाती १५ टक्के, जमाती साडेसात, ओबीसी २७, ईडब्ल्यूएस १०. नोकरभरतीसाठी काढलेला राज्याचा दाखला इथं जसाच्या तसा चालेल असं समजू नये.

ओबीसींना केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. तो प्रांत कार्यालयातून मिळतो, अर्ज सेतूतून करायचा. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, हे आधी बघावं. राज्यात व्हीजेएनटी किंवा एसबीसी म्हणून असलेल्या बऱ्याच जाती केंद्राच्या यादीत ओबीसीत येतात. क्रिमीलेअरची मर्यादा आठ लाखांची आहे, पण त्या मोजणीत शेतीचं आणि पगाराचं उत्पन्न धरत नाहीत. हे माहीत नसल्यानं काही घरं दाखला काढायलाच जात नाहीत.

राज्याचं एसईबीसी आरक्षण केंद्राच्या संस्थेत लागू होत नाही. कुणबी दाखला असेल तर ओबीसी, नसेल तर मराठा विद्यार्थ्याला ईडब्ल्यूएसचा रस्ता राहतो. तिथं मात्र आठ लाखांत शेतीसह सगळं उत्पन्न धरतात, आणि कुटुंबाकडे पाच एकर किंवा जास्त शेती असेल तर दाखला मिळत नाही. जिरायत असो की बागायत, पाच एकर म्हणजे पाच एकर. माळरानावरच्या सहा एकरवाल्याला हे जाचक वाटतं, पण नियम असा आहे. कुटुंब म्हणजे विद्यार्थी, आई-वडील आणि अठरा वर्षांखालची भावंडं (लग्न झालं असेल तर जोडीदार आणि लहान मुलंही). आजोबांच्या नावावरची जमीन त्यात येत नाही. म्हणून आठ-अ काढून बघावा आणि मगच ठरवावं. राहत्या घराच्या आणि प्लॉटच्या आकाराच्याही अटी आहेत. हा दाखला तहसीलदार देतात आणि तो आर्थिक वर्षापुरताच असतो. फॉर्म निघाल्यावर धावपळ करण्यापेक्षा एप्रिल-मेमध्येच अर्ज टाकून ठेवावा.

पैशाचा हिशेब

सरकारी संस्था म्हणजे फुकट नव्हे. २०१९ च्या डिसेंबरमध्ये एफटीआयआयचे विद्यार्थी उपोषणाला बसले होते. दरवर्षी होणारी १० टक्के फीवाढ आणि प्रवेश परीक्षेचं जड शुल्क, हा त्यांचा मुद्दा होता. तेव्हाच नव्या बॅचची वर्षाची फी लाखाच्या पुढं गेली होती. म्हणजे चालू माहितीपत्रकातली फी बघायची आणि पुढच्या वर्षी वाढ होणार असं धरून चालायचं.

कागदावर मांडून बघू. वर्षाला दीड लाख फी धरली तर तीन वर्षांचे साडेचार लाख. वसतिगृह, मेस, प्रवास, फोन मिळून महिन्याला दहा हजार धरले तर ३६ महिन्यांचे तीन लाख साठ हजार. झाले आठ लाखांच्या वर. लॅपटॉप वेगळा. आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात नसते. पुण्याच्या संस्थेत तीन वर्षांचा कोर्स पुरा व्हायला काही बॅचेसना जास्त वर्षं लागल्याचा इतिहास आहे. एखाद्या जादा वर्षाच्या जेवणखाणाची तजवीज मनात ठेवावी.

पदवी पुरी होत आलेला मुलगा किंवा मुलगी म्हणजे घरातला कमावता हात. तो तीन वर्षं बाहेर जाणार, हाही खर्चच आहे. फवारणीला, पाण्याच्या पाळीला माणूस लावावा लागतो. घरात बोलताना हेही मांडावं, नाहीतर दुसऱ्या वर्षी ते भांडण होऊन पुढं येतं.

पहिली वाट शिष्यवृत्तीची. अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी, व्हीजेएनटी यांच्या शिष्यवृत्त्या महाडीबीटी पोर्टलवरून मिळतात. पोर्टलवर संस्थेचं आणि कोर्सचं नाव दिसायला हवं. नाव दिसत नसेल तर संस्थेच्या शिष्यवृत्ती विभागाला प्रवेशाआधीच ईमेल करावा आणि उत्तर लेखी घ्यावं. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात ती वर्षाला साठ हजारांपर्यंत देते, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. आपण बसतो का, हे जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारावं.

दुसरी वाट शैक्षणिक कर्जाची. चार लाखांपर्यंत बँका साधारण तारण मागत नाहीत, आई किंवा वडील सहकर्जदार लागतात. केंद्राच्या हमी योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज देता येतं. त्याच्या वर गेलं की तारण आलं, आणि शेतजमीन बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून घेत नाहीत. गावठाणातलं घर, एनए प्लॉट, मुदत ठेव लागते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत आहे. ती यादीतल्या संस्थांनाच आहे, त्यामुळे पोर्टलवर संस्थेचं नाव शोधूनच पुढं जावं. राज्याच्या ओबीसी महामंडळाची व्याज परतावा योजनाही आहे. आपला कोर्स तिच्यात बसतो का, हे महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात कळतं.

आणि एक अडचण जी शेतकऱ्याच्या घरात हमखास निघते. वडील सहकर्जदार, म्हणून बँक वडिलांचा सिबिल बघते. कर्जमाफी येईल म्हणून थकवलेलं पीककर्ज, मित्राच्या ट्रॅक्टरला दिलेला जामीन, बचत गटाचा राहिलेला हप्ता, सगळं तिथं दिसतं आणि मुलाचं कर्ज अडतं. परीक्षेच्या सहा महिने आधी सिबिल काढून बघावा आणि पीककर्ज निदान नवं-जुनं करून घ्यावं. आईच्या नावावर थकबाकी नसेल आणि तिचं काही उत्पन्न दाखवता येत असेल, तर तिला सहकर्जदार करता येईल का तेही बँकेत विचारावं.

खासगी संस्था आणि परदेश

मुंबई-पुण्यातल्या काही खासगी संस्थांत दोन वर्षांचा खर्च दहा लाखांच्या वर जातो. तिथं प्रवेश पटकन मिळतो, आणि पटकन मिळतो म्हणूनच सावध राहावं. समजा दहा लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी घेतलं, पाच लाख पहिल्या वर्षी आणि पाच दुसऱ्या. कोर्स दोन वर्षांचा, हप्ता सुरू व्हायला त्यानंतर एक वर्ष. मधल्या काळात व्याज भरलं नाही तर अडीच लाख चढतात. साडेबारा लाख दहा वर्षांत फेडायचे म्हणजे महिन्याला साधारण साडेसोळा हजार. सहायक म्हणून पहिली दोन-चार वर्षं काम करणाऱ्याला कधी पैसे मिळतात, कधी नुसता डबा. त्यानं हा हप्ता भरायचा कुठून? एक एकर विकून खासगी डिप्लोमा करण्यापेक्षा एक वर्ष थांबून सरकारी परीक्षा पुन्हा देणं परवडतं. खासगीत जायचंच असेल तर संस्थेला कुणाची मान्यता आहे, बँक तिथं कर्ज देते का, आणि मागच्या बॅचची मुलं आज काय करतात, हे त्या मुलांनाच फोन करून विचारावं.

अमेरिकेतल्या नावाजलेल्या खासगी विद्यापीठांत नुसती फीच वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या वर आहे. पूर्ण शिष्यवृत्ती असेल तरच तो विचार करावा. ब्रिटन सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती सगळा खर्च देते, पण ती एक वर्षाच्या मास्टर्सला आहे आणि दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो.

जवळची वाट मात्र विसरू नये. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांनी अहमदनगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकताना ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ नंतर आले. जिल्ह्याच्या ठिकाणच्या अशा कोर्सची फी माहिती काढण्यासारखी असते. एफटीआयआय काही दिवसांचे छोटे कोर्सही वेगवेगळ्या शहरांत घेते, मोबाईलवर फिल्म कशी करायची याचेही. आपल्याला हे खरंच जमतं का, ते बघायला तेवढे पुरतात.

नंबर लागल्यावर

निवड यादी लागल्यावर फी भरायला थोडेच दिवस देतात आणि बँकेचं कर्ज मंजूर व्हायला काही आठवडे जातात. या मधल्या खिंडीत खासगी सावकार उभा असतो. म्हणून पहिल्या हप्त्याची रक्कम आधीच बाजूला काढलेली हवी. सोयाबीन-कापूस विकल्यावर ठेव करून ठेवली तरी चालेल. बँकेत एकदा आधीच जाऊन यावं आणि कागदांची यादी घ्यावी. प्रवेशपत्र, फीचा तपशील, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, दहावी-बारावी-पदवीच्या गुणपत्रिका, विद्यार्थी आणि सहकर्जदाराचे आधार-पॅन, बँक पासबुक, आठ-अ. दाखल्यांवर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग एकसारखं आहे का ते आजच बघावं, कारण ते दुरुस्त करायला परीक्षेच्या तयारीइतकेच दिवस जातात.