पांढरीवरचें घर आणि ‘जादा’ खोली

राहत्या घराचें माप राजसत्तेनें कशानें घ्यावें, हा प्रश्न दिसावयास लहान असला तरी इतिहासांत तो वारंवार उद्भवलेला आहे. त्याचें अलीकडचें गाजलेलें उदाहरण विलायतेंतील होय. तेथें २०१२ सालच्या कायद्यान्वयें, १ एप्रिल २०१३ पासून, सार्वजनिक घरांत राहणाऱ्या कमावत्या वयाच्या ज्या भाडेकऱ्यांस भाड्यापोटीं सरकारी साहाय्य मिळत असे, त्यांच्या घरांत ठराविक गरजेहून निजावयाची एक खोली अधिक आढळल्यास साहाय्यास पात्र असें भाडें शेंकडा १४ नें, व दोन किंवा जास्त अधिक आढळल्यास शेंकडा २५ नें कमी धरण्यांत येऊं लागलें. दहा वर्षांखालील दोन मुलें, मग तीं भाऊ-बहीण असोत, एका खोलींत निजावीं. सोळा वर्षांखालील दोघे भाऊ किंवा दोघी बहिणी एका खोलींत निजाव्या, असें गरजेचें कोष्टक होतें. सुमारें ६,६०,००० भाडेकऱ्यांस याची झळ पोंचेल, असा सरकारचाच अंदाज होता. विरोधकांनीं यास ‘निजघराचा कर’ असें नांव ठेविलें. हा कर नव्हे, अनाठायीं जाणारें साहाय्य थांबविणें आहे, असें सरकारचें उत्तर होतें.

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यांत, बोर धरणाच्या वाटेवर वसलेल्या हिंगणीच्या रहिवाशास हा वाद दूरदेशींचा वाटेल. परंतु घरवस्ती पाहून त्यावर कर, हक्क किंवा साहाय्य ठरविण्याचा प्रकार त्याच्या मुलखांतही निरनिराळ्या राजवटींत चालत आलेला आहे. त्या मापांचा क्रम लावणें, आणि त्यांपैकीं कोणतें माप न्यायास जवळचें ठरतें तें तपासणें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

गांवच्या जमिनीचे काळी व पांढरी असे दोन भाग मानण्याची चाल महाराष्ट्रांत जुनी आहे. काळी म्हणजे पिकाऊ जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. नागपूरकर भोंसल्यांच्या राज्यांत वसुलाचेही याच भेदानें दोन भाग पडत. काळीचा वसूल शेतकऱ्याकडून येई. पांढरीचा वसूल दुकानदार, उदमी, विणकर इत्यादि शेती न करणाऱ्या लोकांकडून घेतला जाई. पुढें १८५३ सालीं हें राज्य खालसा झालें, १८६१ सालीं मध्यप्रांत बनला, व १८६२ सालीं वर्धा जिल्हा नागपुराहून निराळा काढण्यांत आला. तरी पांढरीपट्टी गेली नाहीं. १८६७ सालीं तिच्यासाठीं स्वतंत्र कायदाच झाला. पट्टीचें नांव वस्तीवरून पडलेलें. परंतु तिचा रोख घराच्या लांबीरुंदीवर नसून घरांत राहणाऱ्याच्या धंद्यावर व ऐपतीवर होता. शेतकऱ्याचें घर कितीही ऐसपैस असलें तरी तें या पट्टींतून सुटे; कारण त्याचा भार काळीवर आधींच पडलेला असे. हा भेद लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

दुसरें माप मालगुजारीच्या काळांतील आहे. १८६० नंतरच्या बंदोबस्तांत मध्यप्रांतांतील मालगुजारांस गांवाच्या मालकीचे हक्क देण्यांत आले, आणि शेतांबरोबर पांढरीही त्यांच्या मालकींत गेली. मग कुळाचें, सुताराचें, मजुराचें घर कोणाच्या जागेवर, हा प्रश्न उभा राहिला. मालक रागावला तर जमिनीबरोबर डोक्यावरचें छप्परही जाण्याचें भय होतें. गांवच्या चालीरीति नोंदणाऱ्या ‘वाजिब-उल-अर्ज’ या कागदाचें महत्त्व येथें होतें. पुढें १९१७ च्या मध्यप्रांत जमीन-महसूल कायद्यानें महालांत जमीन धारण करणारा, तसेंच शेतीच्या कामाचा कारागीर व मजूर, यांस आबादींत वाजवी आकाराची घरजागा बिनभाड्यानें मिळण्याचा हक्क मान्य केला. या कायद्यांतील माप आंकड्याचें नसून वाजवीपणाचें आहे. असा शब्द लवचीक असतो, व लवचीक शब्द बलवानाच्या बाजूस झुकण्याचा संभव असतो, हें खरें. परंतु ज्याच्या घरीं चार बैल आहेत त्याची व ज्याच्या घरीं चार माणसें आहेत त्याची गरज एक नव्हे, हें ओळखण्यास त्यांत अवकाश होता. मालगुजारी नष्ट करणारा कायदा १९५० सालीं झाला व ३१ मार्च १९५१ पासून गांवांतील मालकी हक्क सरकारांत आले; तथापि ज्याचें राहतें घर त्याजकडेच राहूं देण्यांत आलें.

या मुलखांतील घराची घडण पाहिली म्हणजे आंकड्याच्या मापाची अडचण ध्यानांत येते. वर्धा जिल्हा कापसाचा. श्रावणांत जी खोली मोकळी दिसेल तीच वेचणी लागली कीं कापसानें भरून जाते. धान्याची साठवण, बी-बियाणें, औतें यांस जागा लागते. लेक बाळंतपणास माहेरीं आली म्हणजे एक खोली तिची होते. घरांत कोणी आजारी पडलें तर एक त्याची होते. अशा घरांत ‘जादा’ खोली कोणती, हें मोजणीदार कोणत्या महिन्यांत आला यावर अवलंबून राहील.

शहरांत हाच प्रश्न भाड्याच्या रूपानें आला. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई झाली, तेव्हां मध्यप्रांत-वऱ्हाडांत १९४६ चा कायदा व त्याखालील १९४९ चा भाडेनियंत्रणाचा हुकूम निघाला. घर रिकामें झालें कीं मालकानें तें डेप्युटी कमिशनरास कळवावें, व त्यानें तें सरकारी नोकर, निर्वासित इत्यादि गरजूंस द्यावें, अशी त्यांत तजवीज होती. मुंबई इलाख्यांतील १९४७ च्या भाडेकायद्यानें याहून सूक्ष्म कसोटी घातली. मालकास घर स्वतःसाठीं हवें असलें तरी दोघांस दुसरी सोय आहे किंवा नाहीं हें न्यायालयानें पाहावें; हुकूम दिल्यानें होणारा त्रास न दिल्यानें होणाऱ्या त्रासाहून अधिक असेल तर हुकूम देऊं नये; आणि घराचा कांहीं भागच सोडविल्यानें कोणासही त्रास होत नसेल तर तेवढ्यापुरताच हुकूम द्यावा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानें, जो ३१ मार्च २००० पासून अमलांत आला, विदर्भांतील जुना हुकूम रद्द झाला व हीच कसोटी सर्व राज्यास लागू झाली.

या कायद्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दीर्घकाळ गोठविलेल्या भाड्यामुळें मुंबईंत मालकांनीं डागडुजी सोडली, व कित्येकांनीं भाडेकरी ठेवण्यापेक्षां खोल्या कुलुपांत ठेवणें पसंत केलें. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही गोठविलेलें भाडें काळाच्या ओघांत अवाजवी झाल्याचें म्हटलें. तेव्हां पडीक जागा वापरांत यावी, ही विलायत सरकारची इच्छा अगदींच गैर म्हणतां येत नाहीं. वाद इच्छेचा नसून मापाचा आहे.

आतां हिंगणीसारख्या गांवांस प्रत्यक्ष लागू पडलेलें माप पाहूं. २०१६ सालीं प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग सुरू झाला. सपाट मुलखांत घरकुलास १,२०,००० रुपये व निदान २५ चौरस मीटर जागा असें प्रमाण ठरलें. लाभार्थ्यांची निवड २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात गणनेवरून झाली. भिंत वा छप्पर पक्कें असलेलीं कुटुंबें, तसेंच दोनांहून अधिक खोल्या असलेलीं कुटुंबें प्रथमच गाळण्यांत आलीं. म्हणजे मातीच्या तीन खोल्यांत दहा माणसें राहत असलीं तरी तीं गाळलीं जावीं, आणि दोन खोल्यांत दोघेंच असलीं तरी तीं यादींत राहावीं, असा प्रसंग या नियमानें संभवतो. विलायतेंतील नियम निदान माणसें मोजून मग खोल्या मोजतो. येथील पहिल्या चाळणींत माणसांचा विचारच नव्हता. मात्र यादी ग्रामसभेपुढें ठेवून तपासावी, व तक्रारीस अपील असावें, अशी पुढची पायरी योजनेंत होती. आणि सुटलेल्या कुटुंबांसाठीं २०१८-१९ मध्यें पुन्हां पाहणीही करण्यांत आली.

विलायतेंतही शेवटीं हेंच घडलें. ज्यांस हलावें असें सांगितलें त्यांस हलण्याजोगीं लहान घरें पुष्कळ ठिकाणीं मिळेनात; आणि आजारामुळें पतिपत्नींस वेगळें निजावें लागतें, किंवा अपंग नातवाच्या शुश्रूषेस रात्रीं माणूस ठेवावें लागतें, अशांचीं प्रकरणें न्यायालयांत गेलीं. ९ नोव्हेंबर २०१६ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें अशा दोन प्रकरणांत कुटुंबांच्या बाजूनें निर्णय दिला. ज्यांची गरज इतकी उघड नव्हती अशा इतरांचीं गाऱ्हाणीं मात्र फेटाळलीं. स्कॉटलंडनें तर या कपातीची भरपाई आपल्या खजिन्यांतून करण्याचें धोरण ठेविलें.

यावरून एक गोष्ट स्पष्ट दिसते. पांढरीपट्टींत ऐपत, घरजागेच्या हक्कांत वाजवीपणा, भाडेकायद्यांत दोघांच्या त्रासाची तुलना, या तिन्ही मापांत घरापेक्षां घरांतील माणूस आधीं पाहिला जाई. त्यांत विलंब होता, वशिल्यासही वाव होता. खोल्यांच्या मापांत विलंब नाहीं व वशिल्यास जागा थोडी, हा त्याचा गुण होय. परंतु तें माप भिंती मोजतें, संसार मोजीत नाहीं. म्हणून आंकड्याची चाळणी ठेवावयाचीच असेल तर तिच्या मागें कोणीतरी ऐकून घेणारा असला पाहिजे, मग तें न्यायालय असो कीं पांढरीवरची ग्रामसभा. ज्या नियमांत ही दुसरी पायरी नाहीं, तेथें जादा ठरते ती बहुधा खोली नसून तींत राहणारें माणूस असतें.