डोंगराच्या पोटातलं तेल

ज्यांच्या घरी कधीकाळी रॉकेलचा स्टोव्ह होता, त्यांना आठवत असेल. रॉकेलचा हात पाण्याच्या हंड्याला नुसता लागला, तरी सगळं पाणी ओतून द्यावं लागे. हंडा घासला, चिंच लावली, तरी वास काही जात नसे. नोव्हेंबर २०२१च्या अखेरीस हवाईमधल्या ओआहू बेटावर, पर्ल हार्बरजवळच्या नौदलाच्या वसाहतींत नळ सोडला की असाच वास येऊ लागला. सुरुवातीला नौदल सांगत होतं, पाण्यात दोष दिसत नाही. पण घराघरांतली नाकं वेगळंच सांगत होती.

या वासाचा इतिहास ऐंशी वर्षं मागे जातो. पर्ल हार्बर म्हटलं की आपल्याला डिसेंबर १९४१चा जपानी हल्ला आठवतो. पण आरमाराच्या इंधनाची चिंता त्याआधीपासूनची. तेलाच्या टाक्या उघड्यावर होत्या, आकाशातून सहज दिसत होत्या. म्हणून १९४०च्या शेवटी रेड हिल नावाच्या डोंगरात काम सुरू झालं. दिवसरात्र पाळ्या लावून १९४३पर्यंत डोंगराच्या पोटात वीस उभ्या टाक्या कोरून झाल्या. एकेक टाकी अडीचशे फूट उंच, शंभर फूट रुंद. आतून पोलादी पत्रा, मागे काँक्रीट. एकीत पावणेपाच कोटी लिटर तेल मावे. सुरुवातीला तिथे जहाजांचं जळण आणि डिझेल असे, पुढे विमानांचं इंधनही आलं. १९९५मध्ये अमेरिकेतल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेनं या कामाला ऐतिहासिक वारशाचा मान दिला. तो योग्यच होता. पण टाक्यांच्या तळापासून जेमतेम शंभर फुटांवर बेटाचं पिण्याचं पाणी होतं. शत्रूला दिसू नये म्हणून दडवलेलं तेल, गळलं तर मालकालाही दिसणार नव्हतं.

इथे थोडं खडकाविषयी बोलायला हवं. हवाईचा खडक आणि आपल्या दख्खनचा काळा पाषाण एकाच जातीचे, दोन्ही बेसॉल्ट. आपला साडेसहा कोटी वर्षांचा म्हातारा, तिथला त्यामानानं कालचा पोर. या खडकात पाणी सगळीकडे सारखं नसतं, ते भेगांतून वाहतं. बोअर मारणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगायला नको: एकीला धो धो पाणी, दहा पावलांवरची कोरडी.

तेलाचंही तसंच. वाळूच्या जमिनीत डिझेल सांडलं तर ते खाली झिरपतं, काही कणांना चिकटतं, उरलेलं पाण्यापेक्षा हलकं म्हणून भूजलावर तरंगतं, त्यातला थोडा अंश पाण्यात विरघळतो. सभोवार निरीक्षण विहिरी खणायच्या, नमुने प्रयोगशाळेत न्यायचे, की डाग कुठवर पसरला याचा नकाशा काढता येतो. भेगाळ खडकात मात्र विहीर दोन भेगांच्या मधोमध बसली, तर तेल शेजारून निघून जातं आणि अहवालात 'आढळलं नाही' असं येतं.

जानेवारी २०१४मध्ये दुरुस्तीनंतर पुन्हा भरलेल्या पाच नंबरच्या टाकीतून सुमारे एक लाख लिटर इंधन खडकात गेलं. पुढच्या वर्षी करार झाला, विहिरी वाढल्या, संगणकावर नकाशे तयार झाले. डोंगराखालचं पाणी नेमकं कोणत्या दिशेला वाहतं, यावरच नौदलाचे आणि होनोलुलूच्या जलमंडळाचे तज्ज्ञ वर्षानुवर्षं भांडत राहिले. मंडळाचे प्रमुख अभियंता अर्नी लाव यांचं म्हणणं साधं होतं: पिण्याच्या पाण्याच्या डोक्यावर तेल नको.

मग आलं २०२१. मे महिन्यात पाइपलाइन हाताळताना चूक झाली आणि तेल उसळून बाहेर पडलं. नौदलानं सांगितलेला आकडा लहान होता. बाकीचं, जवळजवळ पंचाहत्तर हजार लिटर, आग विझवण्याच्या यंत्रणेच्या निचऱ्याच्या नळीत शिरलं होतं. बोगद्याच्या छताखालची ती प्लॅस्टिकची नळी तेलाच्या भारानं वाकली, तरी सहा महिने कुणी विचारलं नाही की हिच्यात आहे काय? २० नोव्हेंबरला बोगद्यातल्या छोट्या गाडीचा धक्का नळीच्या झडपेला लागला. तेल उसळलं, जमिनीत मुरलं आणि नौदलाच्याच पाण्याच्या विहिरीत उतरलं. तिथून ९३ हजार लोकांना पाणी जात होतं.

डिसेंबरमध्ये विहिरीच्या नमुन्याचा निकाल आला. डिझेलच्या गटातले घटक अब्ज भागांत एक लाख चाळीस हजार. राज्याची मर्यादा होती चारशे. हजारो कुटुंबं हॉटेलांत राहायला गेली. मार्च २०२२मध्ये साठा कायमचा बंद करायचा हुकूम निघाला. ऑक्टोबर २०२३पासून काही महिन्यांत सुमारे एकोणचाळीस कोटी लिटर तेल बाहेर काढलं गेलं. खडकात गेलेलं मात्र असं काढता येत नाही.

लाव यांनी वास पसरल्यावर काही दिवसांतच शहराची जवळची मोठी विहीर बंद करायला लावली होती. कारण पंप चालला की भूजल पंपाकडे ओढलं जातं, आणि पाण्याबरोबर तेलही. तीच ओढ पुढे नौदलाला उपयोगी पडली. जानेवारी २०२२पासून त्याच बिघडलेल्या विहिरीवर पंप लावून पाणी उपसायला सुरुवात झाली. या वेळी पिण्यासाठी नव्हे, तर मैल शहराकडे सरकू नये म्हणून. ते पाणी कोळशाच्या गाळण्यांतून काढून जवळच्या हालावा ओढ्यात सोडत होते.