‘मोडशी’ शब्द व पटकीचा जंतु

जुन्या मराठी कागदांत रोगांचीं नांवें येतात तीं बहुधा ओझरतीं येतात. पत्र लिहिणारास रोगनिदान करावयाचें नसतें. अमुक मनुष्य गेला, त्याची कामगिरी आतां कोणास सांगावी, येणें कोणाकडून वसूल करावें, एवढेंच त्यास कळवावयाचें असतें. त्यामुळें मोडशी, वाखा, पटकी, जरीमरी, महामारी यांपैकीं कोणताहि शब्द आढळला कीं संपादक खालीं टीपेंत ‘कॉलरा’ असें लिहून मोकळे होतात. असें करणें कितपत साधार आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत आम्हीं योजिला आहे. प्रश्न केवळ कोशाचा नाहीं. पटकी हा रोग इ. स. १८१७ सालीं बंगाल्यांत जेसोर येथें नव्यानेंच उद्भवला, असें एके काळीं कित्येक इंग्रज वैद्य मानीत. मोडशी म्हणजेच पटकी असें ठरलें, तर ह्या रोगाचा आमच्या किनाऱ्यावरील इतिहास पावणेतीनशें वर्षें मागें जातो.

मोडशी हा शब्द ‘मोडणें’ ह्या धातूपासून निघाला, असें यूल व बर्नेल यांनीं इ. स. १८८६ च्या आपल्या कोशांत म्हटलें आहे, व तें आम्हांस ग्राह्य वाटतें. रोग्याचें अंग मोडून येतें, तो एकाएकीं ढासळतो, हा त्यांतील भाव. पोर्तुगीजांनीं तो शब्द कोंकणांत ऐकून ‘मोर्देशीं’ असा केला, आणि फ्रेंचांनीं त्याचें ‘मॉर द शियँ’ म्हणजे ‘कुत्र्याचें मरण’ करून टाकलें. अपभ्रंशाला अर्थ चिकटविण्याची हौस सर्व देशांत सारखीच दिसते.

गोव्याच्या साथीचें पहिलें सविस्तर वर्णन गास्पार कोर्रेया ह्या बखरकाराचें आहे. त्याचा ग्रंथ तीनशें वर्षें हस्तलिखितांत पडून होता; लिस्बन येथें तो इ. स. १८५८ ते १८६६ ह्या काळांत छापला गेला. इ. स. १५४३ च्या ‘हिवाळ्यांत’ ही साथ झाली असें तो लिहितो. येथें वाचकानें सावध राहावें. हिंदुस्थानांतील पोर्तुगीज हिवाळा म्हणत तो आपला पावसाळा होय. ओकाऱ्या, न शमणारी तहान, पोटऱ्यांस व तळपायांस वांब, खोल गेलेले डोळे, काळवंडलेलीं नखें, आणि एका अहोरात्रांत मृत्यु, हीं त्यानें दिलेलीं लक्षणें. शंभरांत दहाहि वांचले नाहींत, घंटा दिवसभर वाजूं लागल्या, तेव्हां लोक घाबरूं नयेत म्हणून गव्हर्नरानें त्या वाजविण्याची मनाई केली. एका मृताचें शरीर वैद्यांकडून फाडून पाहविलें, तों सुरकुतलेल्या कोठ्याखेरीज आंत कांहींच विकृति आढळली नाहीं.

वीस वर्षांनीं, इ. स. १५६३ त, गार्सिया द ओर्ता ह्या वैद्याचे संवाद गोव्यांतच छापले गेले. त्यांत हाच रोग येतो. ओर्ता जून व जुलै महिने मुख्यतः ह्या रोगाचे मानतो, आणि कारण अति खाणें हें समजून काकड्या खाऊन मेलेल्या एका तरुण पाद्र्याचा दाखला देतो. देशी वैद्य रोग्यास मिरीं व जिरें घालून तांदुळाची कांजी पाजीत व पायांस डाग देत, असेंहि तो नमूद करतो. डेलॉं नांवाचा फ्रेंच वैद्य पुढें सतराव्या शतकांत टाचेला तापल्या सळईचा डाग देण्याची हीच चाल वर्णितो.

आतां ह्या वर्णनांस जंतुशास्त्राची कसोटी लावूं. पटकीचा वांकडा जंतु फिलिप्पो पाचीनी यानें इ. स. १८५४ त फ्लोरेन्स येथें पाहिला, पण त्याकडे कोणीं लक्ष दिलें नाहीं. रॉबर्ट कॉख यानें इ. स. १८८४ त कलकत्त्यास तो निश्चित केला, व ज्या तळ्याच्या कांठचे लोक आजारी पडत होते त्याच तळ्याच्या पाण्यांत तो दाखविला. हा जंतु आंतड्याची भिंत कुरतडीत नाहीं. तो तिला चिकटून विष सोडतो. त्यामुळें पेशींची जणूं एक कळ उघडी राहते, क्षार बाहेर पडतात, आणि त्यांमागोमाग शरीरांतील पाणी ओढलें जातें. प्रखर विकारांत तासास लिटरभर पाणी जातें. हें विष कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनीं इ. स. १९५९ त प्रयोगानें सिद्ध केलें. १५४३ च्या वैद्यांस शवांत कांहीं सांपडलें नाहीं, त्याचें मर्म येथें आहे: जें नाहींसें झालें होतें तें पाणी होतें, आणि नाहींशी झालेली वस्तु सुरीनें सांपडत नाहीं. कांजीचेंहि तसेंच. तांदूळ व मीठ पाण्याबरोबर गेलें तर तें आंतड्यांत शोषिलें जातें. दिलीप महलानबीस यांनीं इ. स. १९७१ त बनगांवच्या निर्वासितांच्या छावणींत साखर-मिठाच्या पाण्यानें असंख्य रोगी वांचविले, त्याचें तत्त्व निराळें नाहीं. टाचेच्या डागाबद्दल मात्र आम्हांस कांहीं बरें म्हणतां येत नाहीं.

अतिसार हेंच ह्या जंतूचें प्रवासाचें वाहन आहे. रोग्याच्या मळांतून तो कोट्यवधींनीं बाहेर पडतो, व ताजेपणीं कांहीं तास अधिकच संसर्गकारी असतो, असें अलीकडील संशोधन सांगतें. ज्यांस जंतु लागतो त्यांपैकीं बहुतेकांस कांहींच होत नाहीं. ते चालते-बोलते राहून तो पुढच्या मुक्कामीं पोंचवितात. हें ध्यानीं घेतलें म्हणजे १८१७–१८ चा प्रसार सहज उलगडतो. ऑगस्ट १८१७ मध्यें जेसोरास दिसलेली पटकी नोव्हेंबरांत बुंदेलखंडांत पेंढाऱ्यांवर निघालेल्या हेस्टिंग्जच्या छावणींत शिरली. त्याच महिन्याच्या ५ तारखेस इकडे खडकीची लढाई झाली होती. छावणी हालवून बेतवेच्या कांठीं नेल्यावर साथ ओसरली. पुढील पावसाळ्यांत ती दख्खनांतून पनवेलच्या वाटेनें मुंबईस उतरली. लष्कर, बाजार, यात्रा आणि एकाच पाणवठ्यावर येणारा समुदाय ह्यांचीच ती वाट आहे. गांवची मरीआई गाड्यांत बसवून शिवेपार लोटण्याची चाल ज्यांस ठाऊक आहे, त्यांच्या हें लक्षांत येईल कीं, रोग गांवोगांव चालत येतो ही गोष्ट लोकांनीं वैद्यांच्या आधींच ओळखली होती.

साथ संपली तरी जंतु संपत नाहीं. खाडीच्या मचूळ पाण्यांत, अति सूक्ष्म कवचधारी प्राण्यांच्या अंगास चिकटून, तो माणसावांचूनहि तग धरतो. गंगेच्या मुखाजवळचा प्रदेश त्याचें जुनें घर मानला जातो.

परंतु येथेंच आमच्या प्रश्नास एक नवी अडचण येते. पाण्यांतील ह्या जातीच्या बहुतेक वाणांत तें विषच नसतें. विषाचा गुण जंतूस लागणाऱ्या एका विषाणूबरोबर त्याच्यांत शिरतो, हें इ. स. १९९६ त वाल्डर व मेकलानस यांनीं दाखविलें. तेव्हां जंतु पुरातन असला तरी रोग तितकाच पुरातन असेल, असें म्हणतां येत नाहीं. प्रत्यक्ष पुरावा आज एका बाटलींत आहे. फिलाडेल्फियांत इ. स. १८४९ च्या साथींत मेलेल्या मनुष्याच्या आंतड्याचा तुकडा तेथील म्यूटर संग्रहालयांत राखलेला होता; इ. स. २०१४ त त्यांतून जंतूचा अनुवंश वाचला गेला व तो जुन्या, ‘क्लासिकल’ वाणाचाच ठरला. १५४३ च्या गोव्याचा असा तुकडा आम्हांजवळ नाहीं, शब्दच आहेत.

त्या शब्दांवरून आमचें मत असें कीं, १५४३ ची साथ पटकीचीच असण्याचा फार संभव आहे. वांब, तहान, खोल डोळे, एका दिवसांत मृत्यु, आणि निर्विकार शव हीं पांच एकत्र दुसऱ्या रोगांत क्वचित् आढळतात. कोर्रेया कोंबड्या व गुरेंहि मेलीं म्हणतो, तें पटकीशीं जुळत नाहीं. तेथें एक तर दुसरा रोग मिसळला असावा, नाहीं तर बखरकारानें हात सैल सोडला असावा. शंभरांत नव्वद हें प्रमाणहि केवळ अत्यवस्थांचें असावें, कारण औषधाविना पटकीनें गांठलेल्यांपैकीं निम्म्याच्या आसपास दगावतात. ओर्ताच्या काकडीवाल्या पाद्र्याबद्दल मात्र आम्ही साक्ष देणार नाहीं. नुसतें अजीर्णहि मोडशीच म्हटलें जाई. सुश्रुतानें विसूचिका अजीर्णाच्या प्रकरणांत घातली, तिचाहि हाच घोटाळा आहे.

म्हणून एकट्या माणसाच्या ‘मोडशी’पुढें ‘कॉलरा’ अशी टीप देऊं नये. एका गांवीं थोड्या दिवसांत अनेक गेल्याचें दिसल्यासच द्यावी. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं मिति, मुक्कामाचें नांव, जवळची नदी वा तळें, आजार किती प्रहर टिकला व त्याच घरांतील दुसरें कोण पडलें, एवढा मजकूर न गाळतां उतरून घ्यावा. दप्तरांतील खर्चाच्या यादींत मरीआईच्या गाड्यास दिलेला नारळ व खण दिसल्यास तीहि नोंद सोडूं नये; पुष्कळ ठिकाणीं साथीची तारीख तेवढ्यावरूनच लागण्याजोगी आहे.